नीलकंठाचं शुद्धिपत्र

मुलगी आत आली तेव्हा मास्तरांच्या तोंडात पेन होतं.

तोंडात पेन धरलं की विचार सुचतात आणि पेन काढलं की तेही निघून जातात, असा मास्तरांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी पेन घाईघाईने काढून शर्टाला पुसलं आणि वही उघडली.

"पेनातल्या शाईने माणूस मरतो का?" मुलीने उभ्याउभ्याच विचारलं.

मास्तरांनी नुकतंच पुसलेलं पेन पुन्हा एकदा पुसलं.

"बस आधी," बाई म्हणाल्या. "कोण गेलं?"

"माझे बाबा. आज नऊ दिवस झाले."

बाईंनी विमा कंपनीच्या दावे विभागात तीस वर्षं काढली होती. माणसं कशी मरतात यापेक्षा ती कशी मेली असं नातेवाईक सांगतात, याचा त्यांना अनुभव दांडगा. निवृत्तीनंतर त्या खाजगी तपास करू लागल्या. मास्तर त्यांच्याकडे नोंदी लिहायला येत, कारण बाईंचं अक्षर बाईंनाही लागत नसे आणि मास्तरांचा जन्म शाळेत सुलेखन शिकवण्यात गेला होता. तपासात त्यांचा तेवढाच उपयोग होता, असं बाई तोंडावर सांगत. मास्तरांना ते पटत नसे, पण खोडून काढण्याजोगा पुरावाही जवळ नव्हता.

मुलीने सांगितलं ते असं. तिचे वडील एका छापखान्यात मुद्रितशोधक. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढत बसले. पेनाचं टोक सतत तोंडात, त्यामुळे ओठ कायमचे निळे. छापखान्यात त्यांना सगळे 'नीलकंठ' म्हणत. तीन महिन्यांपूर्वी वाढदिवसाला तिने त्यांना निळ्या शाईची बाटली आणि नवं पेन दिलं. नऊ दिवसांपूर्वी सकाळी ते खुर्चीत बसल्या जागी गेले. डॉक्टरांनी लिहून दिलं, हृदय बंद पडलं.

"काका म्हणतो, हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं, त्यात काय लिहायचं! त्याने बाबांचे ओठ पाहिले, नखं पाहिली. निळीशार. तो म्हणतो, शाईत विष होतं. सोमवारी शाईवाल्यावर फिर्याद करणार आहे."

"मग तू कशाला आलीस?"

"शाई त्याने बनवली, पण बाटली मी दिली." मुलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सोमवारीच मला रुजू व्हायचंय. समुद्रातल्या बेटावर हवामान केंद्र आहे, दोन वर्षांची नेमणूक. गेल्या वर्षी आई शेवटच्या आजारात होती म्हणून नाही म्हटलं होतं. आताही नकाराचं पत्र लिहून ठेवलंय. बापाला विष पाजून कुठलं वारं मोजू मी?"

बाईंनी तिला पाणी दिलं आणि त्या फोनकडे वळल्या. सरकारी रुग्णालयातल्या विषबाधा कक्षातला डॉक्टर त्यांचा जुना परिचित. बोलणं दोन मिनिटांत आटोपलं.

"तो म्हणतो, साध्या पेनाच्या शाईत बहुतेक पाणी आणि रंग. चाटली तर जीभ रंगते, फार प्यायली तर पोट बिघडतं. मार्करचं जरा वेगळं. त्यात उडून जाणारं द्रावक असतं, बंद खोलीत वास घेत बसलं तर डोकं धरतं. आणि पेनातली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे टोपण, म्हणे. गिळलं तर घशात अडकतं."

मास्तरांनी आपल्या पेनाचं टोपण जागेवर आहे ना, ते पाहिलं.

"म्हणजे शाई नाही?" मुलीने विचारलं.

"दुकानातली शाई नाही. पण तू घेतलेली कोणीतरी घरी बनवलेली आहे. तेव्हा आधी घर बघू."

मुद्रितशोधकाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मास्तर दुसऱ्याच मजल्यावर थांबले आणि दारावरची पाटी वाचू लागले.

"बाबाही अगदी असेच थांबायचे," मुलगी मागे वळून म्हणाली. तिच्या तोंडावर कितीतरी वेळाने हसू आलं. "गेल्या चार-सहा महिन्यांत फारच. प्रत्येक मजल्यावर उभे राहून पाट्यांवरचं शुद्धलेखन तपासायचे. त्या समोरच्या 'सदनिका'चा नि दीर्घ आहे म्हणून रोज हळहळायचे. मी वर पोचून, चहा टाकून, हाक मारली तरी यांचं आपलं पाट्या वाचणं चालू!"

मास्तरांनी पाटीकडे पुन्हा पाहिलं. दीर्घ होता खरा. दमही लागला होता, पण तो वहीत लिहिण्याचा मुद्दा नव्हता.

खोली नेटकी होती. खिडकीपाशी टेबल, खाली दुधी रंगाची सुती चटई, टेबलावर लाल बॉलपेनांचा पेला, निळी बाटली, नवं पेन. पलंगावर उशांची चळत.

"तीन उशा?" बाईंनी विचारलं.

"अर्धं बसून वाचायचे. आडवं झालं की चुका नीट दिसत नाहीत, म्हणायचे."

बाईंनी बाटली उजेडात धरली. शाई वरून दोन बोटं उतरली होती. मग त्यांनी पेन उघडलं, निब भिंगाखाली पाहिली, नळी काढून पाहिली आणि तिन्ही वस्तू परत ठेवल्या.

"काय लिहायचे या शाईने?"

"पत्रं, टिपणं… माहीत नाही. 'रोज वापरतो हं तुझी शाई,' म्हणायचे. त्यांनीच मागून घेतली होती. कामावर लाल पेनाने जीव रमत नाही, मला माझी निळी आणून दे, म्हणाले."

"निळ्या शाईतला एखादा कागद आहे घरात?"

कागद भरपूर होते. सगळ्यांवर लाल खुणा होत्या. निळं अक्षर कुठेच नव्हतं.

मास्तर हात धुवायला बेसिनपाशी गेले आणि मोठ्या उत्साहाने परतले. "बाई! जाळीच्या खाचेत निळा डाग आहे! पेन इथे धुतलं असणार."

"छान," बाई म्हणाल्या. "लिहून ठेवा. 'पेन धुतलं' एवढं सोडून."

"आणि नखं?" त्या मुलीकडे वळल्या. "एकाच हाताची की दोन्ही?"

"दोन्ही. पायाचीसुद्धा. मध्यंतरी पाय सुजतात म्हणून त्यांनी बूट सोडून सपाता घेतल्या, तेव्हा मला दिसली. तर म्हणाले, टेबलावरून बाटली कलंडली, पायावर सांडली."

"पाय निळा झाला होता?"

मुलीने आठवून पाहिलं. "पाय नाही. नखंच."

बाईंनी खाली वाकून दुधी चटईवरून बोट फिरवलं.

शाईवाल्याचं दुकान म्हणजे एका भिंतीला बाटल्या, दुसऱ्या भिंतीला शाईवाला. म्हातारा, काटकुळा, बोटं दहा रंगांची.

"फिर्याद करणार ना? करू दे!" तो म्हणाला. त्याने फळीवरची बाटली काढली, बूच उघडलं आणि करंगळी बुडवून सरळ जिभेवर फिरवली. मास्तर दोन पावलं मागे सरले. "शाळेतल्या मुलांसाठी बनवतो मी. मुलं शाई काय फक्त लिहायला वापरतात? पितात, एकमेकांना पाजतात. अशी बनवलीये की साबण लावला की संपली. अंगावर डाग राहील तर नाव बदलीन."

त्याने नळाखाली करंगळी चोळून दाखवली. गेल्या चाळीस वर्षांचे बाकीचे रंग राहिले, निळा तेवढा वाहून गेला.

"मुद्रितशोधक तुमच्याकडे यायचे?"

"पूर्वी यायचे. मग छापखान्याने लाल पेनं दिली, येणं थांबलं. महिन्यापूर्वी रस्त्यात दिसले." शाईवाल्याने बूच लावायला जरा जास्तच वेळ घेतला. "खरं सांगू? मला वाईट वाटलं. माझी निळी आकाशी असते, किंचित हिरवट. त्यांच्या ओठांवर होती ती जांभळट. म्हटलं, इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, दुसऱ्याची शाई घ्यायला लागलं. मी तोंड फिरवून निघून गेलो. बोललोसुद्धा नाही."

छापखान्याचे व्यवस्थापक काचेच्या बंद खोलीत पांढऱ्या फळ्यावर मार्करने वेळापत्रक लिहीत होते. खोलीत असा वास होता की मास्तरांनी मनातल्या मनात खटला संपवून टाकला.

"इथेच बसायचे ते?" त्यांनी बाईंच्या आधी विचारलं.

"इथे सहा जण बसायचे. दुपारपर्यंत सगळ्यांची डोकी दुखायची, म्हणून त्यांना बाहेर हलवलं. नीलकंठ तर पहिल्यापासून बाहेर, खिडकीशी. ते सहाही जण ठणठणीत आहेत. रोज नव्या तक्रारी करतात."

मास्तरांनी खटला पुन्हा उघडला.

"लाल पेनं कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"आठ महिने झाले. नवं यंत्र निळ्या खुणा नीट उचलत नाही. नीलकंठ रागावले, पण ऐकलं. ते लाल पेनही तोंडात धरायचेच!" व्यवस्थापक हसले. मग हसू आवरून म्हणाले, "नाव मीच ठेवलं होतं. नीलकंठ. त्यांना आवडायचं, असं वाटतं."

टेबलावर खुणांनी भरलेला एक कागद होता. मास्तर सुलेखनाच्या ओढीने त्याच्यावर वाकले. "शब्द खोडलाय आणि खाली टिंबं दिलीत. हे काय?"

"खोडला, पण मग वाटलं की असू दे. अशा वेळी खाली टिंबं द्यायची. म्हणजे खोडणं रद्द, शब्द कायम. नीलकंठ फार क्वचित द्यायचे. एकदा खोडलं की खोडलं. एकच गोष्ट त्यांच्या मनाला लागायची. पुस्तकाच्या शेवटी ते चुकांचं शुद्धिपत्र जोडायचे, जीव ओतून. म्हणायचे, जगात ते पान कोणी उघडत नाही. त्यात खून कबूल केला तरी पचून जाईल."

"त्यांच्या हाताखालचा सगळ्यात जाड ग्रंथ कुठला?"

"शब्दकोश. एक प्रत घरी होती त्यांच्या."

शनिवारी सकाळी बाईंनी सगळ्यांना मुद्रितशोधकाच्या घरी बोलावलं. काका आधीच येऊन बसला होता. आडवा देह, चढा आवाज, डोळे मात्र रडून सुजलेले. शाईवाला दाराशीच उभा राहिला. व्यवस्थापक टेबलाकडे बघायचं टाळत होते.

"हा इथे कशाला?" काकाने शाईवाल्याकडे बोट केलं. "याला कोर्टात भेटीन मी!"

"काकासाहेब, आधी एक सांगा. भाऊ उजव्या हाताने लिहायचे ना?"

"हो. मग?"

"मग डाव्या हाताची नखं निळी कशाने झाली?"

"शाई काय, इकडची तिकडे लागते."

"आणि पायाची? माझ्या ऐकिवात पायाने लिहिणारा मुद्रितशोधक नाही."

"बाटली सांडली होती," मुलगी पटकन म्हणाली.

"या टेबलावरून, या दुधी चटईवर, एकही थेंब न पडता. आणि शाई अशी हुशार की कातडी सोडून नेमकी दहा नखं शोधत गेली." बाईंचा आवाज खाली आला. "पोरी, तुझे बाबा आंघोळ करून यायचे तेव्हा ओठ कसे असायचे?"

मुलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. मग म्हणाली, "निळेच."

"या शाईवाल्याची शाई साबणाने जाते. त्यांनी माझ्यासमोर धुऊन दाखवली. रंगही जुळत नाही. यांची आकाशी, ओठांवरची जांभळट. आणि छापखान्यात आठ महिने लाल पेन. ते तोंडात धरून कोणाचेही ओठ लाल व्हायला हवेत. तुम्ही सगळ्यांनी तीस वर्षं त्यांचे ओठ निळे पाहिले होते. म्हणून निळी शाई गेल्यावरही ते निळे राहिले, याचं कोणाला नवल वाटलं नाही."

"मग ही बाटली?" काकाने विचारलं. आवाज अजून चढाच होता, पण पायरीपायरीने उतरत होता. "दोन बोटं शाई संपलीये. कुठे गेली?"

"बेसिनमध्ये. मास्तरांनी डाग शोधला." मास्तर ताठ बसले. "पण पेन धुतल्याचा नाही तो. या पेनाच्या निबला आजवर शाई लागलेलीच नाही, नळी कोरडी आहे. घरात निळं अक्षर नाही. ते थोडी थोडी शाई ओतून देत होते. लेकीला वाटावं, बाबा आपली शाई वापरतात."

"पण का?" मुलगी म्हणाली. "मागून घेतली त्यांनीच…"

"मागून घेतली, कारण निळे ओठ होते आणि घरात निळी शाई नव्हती. आज ना उद्या कोणीतरी विचारलं असतं. त्यांना शाई नको होती. त्यांना सबब हवी होती."

मुलीने टेबलावरची बाटली जवळ ओढली.

"ते जिन्यात पाट्या वाचत नव्हते," बाई म्हणाल्या. "दम खात होते. मास्तरांनीही परवा दुसऱ्या मजल्यावर तेच केलं, म्हणून मला सुचलं. तीन उशा चुका दिसायला नव्हत्या. आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नव्हता. पाय सुजत होते. आणि हृदय थकलं, रक्ताला हवा कमी पडली की ओठ, हाताची नखं, पायाची नखं, सगळं निळं पडतं. ते विष नव्हतं. दुखणं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि आपण त्याला नाव ठेवून हसत होतो."

"मी नव्हतो हसत," काका म्हणाला. मग हळूच म्हणाला, "मी म्हणायचो, म्हातारा झालास, जिना चढवत नाही तुला. तर म्हणायचा, अरे, त्या 'सदनिका'चा नि बघितलास का?"

"हा तुमचा अंदाज," व्यवस्थापक कसेबसे म्हणाले. "त्यांना स्वतःला तरी माहीत होतं का?"

बाई पुस्तकांच्या कपाटाशी गेल्या. शब्दकोश दोन्ही हातांनी काढावा लागला. टेबलावर ठेवून त्यांनी तो मागून उघडला. शेवटची पाच पानं, शुद्धिपत्र. तिथे एक घडी घातलेला कागद होता.

"हे पान जगात कोणी उघडत नाही म्हणायचे. मी काल दुपारी, पोरगी खाली गेली असताना, उघडलं. तिला विचारायला हवं होतं. पण आत काही निघालं नसतं, तर तिला उगाच आशा लागली असती."

तो हृदयाच्या डॉक्टरांचा तपासणी अहवाल होता, साडेसात महिन्यांपूर्वीचा. मुलीने तारीख वाचली.

"माझी नेमणूक आली तो आठवडा," ती म्हणाली.

"एकदा आईच्या आजारपणासाठी तू नाही म्हणाली होतीस. दुसऱ्यांदा त्यांना ते होऊ द्यायचं नव्हतं. तू सोमवारी गेलीस की मग दाखल होणार होते, असा माझा समज आहे. तेरा दिवस कमी पडले."

शाईवाला दाराच्या चौकटीला टेकला. "मी तोंड फिरवलं," तो स्वतःशीच म्हणाला. "रंग मला कळला होता. मला एकट्याला कळला होता."

काका उठला, त्याने आपली खुर्ची शाईवाल्यापाशी नेऊन ठेवली आणि तिच्याकडे नुसता हात केला. शाईवाला बसला. फिर्यादीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मुलगी अहवाल वाचत होती. मास्तरांना तिच्या खांद्यावरून तो दिसत होता. अहवालावर लाल खुणा होत्या. डॉक्टरांनी 'रुग्नालय' लिहिलं होतं, न खोडून ण केला होता. 'ह्रुदय' सुधारलं होतं. दोन स्वल्पविराम आत घातले होते. आपल्या मरणाच्या कागदातही चूक राहू देणं त्या माणसाला जमलं नव्हतं.

शेवटची ओळ होती, 'ताबडतोब रुग्णालयात दाखल होणे आवश्यक.' त्यातला 'ताबडतोब' हा शब्द लाल रेघेने खोडला होता. समासात, रेखीव अक्षरात, लिहिलं होतं: 'पुढच्या आवृत्तीत.'

मुलगी हसली. खरंच हसली, आणि तसंच हसता हसता तिचा चेहरा मोडला. काकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी त्यांना मारलं नाही," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"नाही," बाई म्हणाल्या. "शाईनेही नाही."

"पण मी बघितलं असतं तर…"

बाईंनी तीस वर्षांत पुष्कळ नातेवाईकांना पुष्कळ उत्तरं दिली होती. या वेळी त्यांनी शब्दकोश मिटून कपाटात परत ठेवला. मास्तरांनी वहीतल्या शेवटच्या ओळीकडे पाहिलं. तिथे त्यांनी सुंदर अक्षरात 'उकल' असं लिहून खाली रेघ मारली होती. त्यांनी वही मिटली.

मुलीने टेबलाच्या खणातून आपलं नकाराचं पत्र काढलं आणि चार तुकडे केले. "सोमवारी जाते मी. त्यांनी एवढी शाई ओतली बेसिनमध्ये."

मग तिने खुर्ची पुढे ओढली. बाटलीचं बूच काढलं. नवं पेन उघडलं, निब बाटलीत बुडवली. त्या पेनाची ती पहिली शाई. अहवाल समोर सरळ करून तिने खोडलेल्या 'ताबडतोब'खाली एकेक टिंब द्यायला सुरुवात केली, एकेका अक्षराखाली एक, शाळेत असताना बाबांनी शिकवलं असेल तसं, सावकाश. त, बा, ड, तो, ब. पाच टिंबं. आकाशी, किंचित हिरवट.

शाई वाळायला थोडा वेळ लागला.